आडोशाची बाजू

ईस्टरनंतरच्या शनिवारी, दुपारी एकच्या सुमारास, केर्नगॉर्म डोंगरांतल्या एका ईशान्येकडे तोंड असलेल्या उतारावर बर्फाचा थर सुटला. त्याच्याबरोबर तू खाली गेलीस. बचाव पथकाच्या कुत्र्याने तुला संध्याकाळी शोधून काढलं. तेव्हा तू जिवंत नव्हतीस.

शुभदा, एवढं पोलिसांनी सांगितलं, पथकाने सांगितलं आणि बरोबरच्या तिघांनीही सांगितलं. तिन्हीकडचं जुळतं. पुढचं जुळत नव्हतं, म्हणून हे लिहिते आहे.

तू कुठली, शिकलीस कुठे, एडिनबराच्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट म्हणून किती वर्षं काढलीस, हे आपल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत सांगून झालं आहे. त्या सभेत एक वाक्य मी तीन वेगवेगळ्या माणसांकडून ऐकलं: डोंगरावर प्रेम करणारी डोंगरातच गेली. तू असतीस तर मागच्या खुर्चीवरून म्हणाली असतीस, "काहीतरीच. मला घरी जायचं होतं."

सोमवारच्या एका पेपरात तुझी बातमी आली. दोन कॉलम, आतलं पान. त्यात असं होतं की चार जणांचा गट कड्याच्या काठाखाली, बाहेर आलेल्या बर्फाच्या सज्ज्याखाली जेवायला बसला होता आणि हिमस्खलनाचा इशारा दिलेला असूनही त्यांनी ती जागा निवडली. बातमीला दोन आधार होते. समोरच्या धारेवरून चालणाऱ्या एका माणसाने त्या जागी माणसं बसलेली पाहिली होती. आणि बरोबरच्या तिघांतल्या नंदूने पोलिसांना सांगितलं होतं की आम्ही जेवणासाठी थांबलो होतो. मी पंधरा वर्षं लोकांच्या बातम्या तपासून पानावर लावते. दोन आधार असलेली बातमी मीही जाऊ दिली असती.

त्याच दिवशी संध्याकाळी इराचा फोन आला. सोळा वर्षांची तुझी मुलगी एरवी माझ्याशी फोनवर बोलत नाही, रिसीव्हर तिच्या बाबांकडे, श्रीकांतकडे देते. या वेळी तिनेच केला, तिच्या नेहमीच्या मोडक्या मराठीत.

"मावशी, पेपरमध्ये लिहिलंय they were having lunch. आई तिथे जेवायला बसला होता?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

"ती मला कधी बसू नाही दिली. Not once. पाय दुखला तरी नाही. आणि स्वतः बसला?"

"मला माहीत नाही, इरा. विचारून सांगते."

"नक्की काय ते सांग. Nice वाटेल असं नको."

मागे श्रीकांतचा आवाज येत होता, कुणाशी बोलतेयस, म्हणून. तिने फोन ठेवला.

इराला ठाऊक होतं तसं आपल्या डोंगरगटातल्या सगळ्यांनाच ठाऊक होतं की तू बसू देत नाहीस. का देत नाहीस, ते मला आणि तुलाच नीट माहीत होतं, कारण त्या दिवशीच्या माणसांपैकी आता गटात आपण दोघीच उरलो होतो. शहाऐंशीचा एप्रिल. मंडळाची पहिली मोठी डोंगरसहल, अकरा जण, भाड्याची मिनीबस. सकाळी बर्फ कडक होता, बुटाखाली करकरत होता. अकराच्या आतच आपण खिंडीत पोचलो. ऊन होतं, वारा नव्हता. मग सगळ्यांनी डबे काढले. पुऱ्या, बटाट्याची भाजी, कुणीतरी घरी चक्का टांगून केलेलं श्रीखंड, दोन प्रकारची लोणची. प्लास्टिकची चादर अंथरली, गोल करून बसलो, वाढलं, आग्रह केला. एका काकांनी पाय पसरून वामकुक्षी केली. उठायला दीड वाजला.

परतीच्या वाटेवर तोच बर्फ मांडीपर्यंत आत जात होता. उन्हाने वरचा थर सैल झाला होता. आपल्या वरच्या उतारावरून बर्फाचे छोटे गोळे आपसूक सुटून घरंगळत येत होते आणि आपण हसत होतो. खालून वर येणारा एक स्कॉटिश म्हातारा थांबला. तो गोळ्यांकडे बघत होता, आपल्याकडे नाही. म्हणाला, डोंगर तुम्हाला जायला सांगतोय. आणि निघून गेला. त्या दिवशी काहीही झालं नाही. मिनीबसमध्ये सगळे झोपले. तू जागी होतीस.

पुढच्या हिवाळ्यात तू डोंगरपायथ्याच्या एव्हिमोर गावी जाऊन आठवड्याचा कोर्स केलास. बर्फात खड्डा खणून थर वाचायला शिकलीस. कुऱ्हाड मारून घसरण थांबवायला शिकलीस. परत आल्यावर मंडळाच्या हॉलमध्ये तू लोकांना जे सांगितलंस त्यातलं एकच आजही सगळ्यांना आठवतं.

"ताटाला तूप लावून वडी थापतो ना आपण? सुरीने कापली की वडी सुटते का नाही? का सुटते? खाली तूप असतं म्हणून. वाऱ्याने थापलेला बर्फ म्हणजे वडी. खालचा जुना बर्फ म्हणजे ताट. मध्ये कधीकधी तूप असतं, ते वरून दिसत नाही. आणि सुरी म्हणजे तुमचे बूट."

"मग खोबऱ्याची का आंब्याची?" कुणीतरी विचारलं.

"तुमची," तू म्हणालीस.

आणि दुसरं, जे फार थोड्यांना पटलं: आडोशाची बाजू वाईट. इथे आपल्या माणसांची अडचण होती. आपण सगळे सह्याद्रीत चालायला शिकलेले. घाटमाथ्यावर वारा झोडपायला लागला की माणूस काठाच्या पलीकडे दोन पावलं उतरतो, कातळाला पाठ लावतो आणि बसतो. ते पायांनाच माहीत असतं, डोक्याला विचारावं लागत नाही. इथे वारा माथ्यावरचा बर्फ उचलतो आणि नेमका त्या पलीकडच्या बाजूला टाकतो. काठावर बाहेर आलेला सज्जा बांधतो आणि त्याच्या खाली उतारावर वडी थापतो. तू म्हणायचीस, जिथे आपल्याला बरं वाटतं तिथेच बर्फालाही बरं वाटतं. लोक मान हलवायचे आणि पुढच्या सहलीत वारा सुटला की काठापलीकडे वाकून बघायचे.

तेव्हा तू डब्यांचा नियम काढलास. कार पार्कात सगळ्यांचे डबे गोळा करायचे आणि तुझ्या सॅकमध्ये भरायचे. डबा नसेल तर कुणी बसणार नाही, हा तुझा हिशोब. खिशात खजूर, शेंगदाण्याची चिक्की, ते चालता चालता. जेवण खाली, तू म्हणशील तिथे. पहिल्या वर्षी एका डब्यातून आमटी सांडून तुझ्या नकाशावरचा अर्धा परगणा पिवळा झाला. त्यानंतर तू घोटे बांधायची पांढरी टेप इस्पितळातून आणून प्रत्येक डब्याच्या झाकणाभोवती गुंडाळायला लागलीस. ती टेप एकदा फाडली की परत चिकटत नाही. टेपवर पेनने नाव. नंदू तुला मेसवाल्या ताई म्हणायचा.

"मेसवाल्या ताई, आज मेन्यू काय?"

"तुझा तुलाच माहीत. बायकोने काय दिलंय ते बघ, खाली गेल्यावर."

"वास येतोय हो सॅकमधून. जीव जाईल एखाद्याचा."

"चालत राहा, म्हणजे नाही जाणार."

माझा या नियमाला विरोध होता आणि तो आपला वाद अर्धाच राहिला. मी म्हणत होते की मोठ्या माणसांची भूक अशी कुलपात ठेवणं बरं नाही. तुला काही झालं तर बाकीच्यांकडे खायला काही नाही, गरम प्यायला काही नाही. इथले लोक उभ्याउभ्या सँडविच खातात, आपल्यालाही जमेल. तू म्हणालीस, "दहा वर्षं झाली, कुणाला जमलं? आपला माणूस उभ्याने जेवत नाही. त्याला बसायचं असतं, दुसऱ्याला वाढायचं असतं, दुसऱ्याची भाजी चाखायची असते. ते मी बदलू शकत नाही. जागा बदलू शकते."

मी म्हटलं, निदान थर्मास तरी ज्याचा त्याच्याकडे दे. तू म्हणालीस, "चहा दिला की बसतात. बघू, पुढच्या वेळी बोलू." हे फेब्रुवारीत, माझ्या स्वयंपाकघरात, भांडी विसळताना. पुढची वेळ आली नाही.

आणखी एक वाद होता. एकाच शिखराच्या वाटेवरून तू तीनदा परत फिरलीस, तिन्ही वेळा मी बरोबर होते. तिसऱ्या वेळी माथा समोर दिसत होता. तू खड्डा खणलास, हाताने वरचा थर ओढलास, तो सहज निसटून तुझ्या मांडीवर आला आणि तू म्हणालीस, चला. मी चिडले होते. बसमध्ये मी म्हटलं, मंडळाच्या दिवाळी अंकासाठी तू हे सगळं लिहून का देत नाहीस? खड्डा कसा खणायचा, उतार किती तीव्र असला की टाळायचा, वसंतात सकाळी लवकर निघून दुपारच्या आत उतारावरून का उतरायचं. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "परत फिरल्याची बातमी होत नाही गं, बातमीदार. वाचून कोण थांबलंय?" मी तुला उत्तर दिलं होतं, पण ते चांगलं नव्हतं.

इराला दिलेल्या शब्दाप्रमाणे मी विचारत गेले. जे कळलं ते असं.

शुक्रवारी संध्याकाळी तू हिमस्खलनाच्या इशाऱ्याच्या नंबरवर फोन केला होतास. दोन दिवस नैऋत्येचा जोरदार वारा आणि नवा बर्फ, म्हणून ईशान्य आणि पूर्वेचे उंचावरचे उतार टाळा, असा तो इशारा होता. श्रीकांतने तुला तो टेलिफोनजवळ उभं राहून ऐकताना पाहिलं. शनिवारी सकाळी कार पार्कात तू तोच इशारा तिघांना मराठीत सांगितलास. तिघं म्हणजे नंदू, त्याची बायको सुनीता आणि सुनीताचा भाऊ रवी. रवी पुण्याहून महिन्याभरासाठी आला होता. किल्ले आणि घाटवाटा त्याने पंधरा वर्षं केल्या आहेत. बर्फावर त्याचा हा पहिलाच दिवस. तू धारेवरून चढायचं आणि धारेवरूनच उतरायचं ठरवलंस, कारण धारेवर वारा बर्फ टिकू देत नाही. चौघांचे डबे तुझ्या सॅकमध्ये गेले. इथपर्यंत तिघांचं सांगणं शब्दाला शब्द जुळतं.

उतरताना सुनीताच्या बुटाखालचे लोखंडी काटे सैल झाले. ते आवळायला तू मागे थांबलीस आणि नंदू व रवी थोडे पुढे गेले. वारा डावीकडून येत होता. रवी उजवीकडे वळला.

नंदू मला त्याच्या घरी, शर्टाचं बटण फिरवत, म्हणाला, "तो म्हणाला, भावजी, दोन मिनिटं टेकू, कान बधिर झालेत. मला कळत होतं हो. ताई सांगतात ते पाठ आहे मला. पण इतका वारा होता, आणि तिथे गेलो तर एकदम शांत. एकदम. माचिस पेटली असती."

"आणि जेवण?"

"डबे ताईंकडे होते. जेवण कुठलं? पोलिसाने विचारलं, तिथे का थांबलात? मी म्हटलं, lunchtime झाला होता. झालाच होता. त्याने लिहून घेतलं. मला तेव्हा माझं नाव विचारलं असतं तरी चुकीचं सांगितलं असतं."

तू सुनीतासह तिथल्या काठावर पोचलीस तेव्हा दोघे काठाखाली वीसेक पावलं उतरून बसले होते. तू हाक मारलीस. वारा ती त्यांच्या डोक्यांवरून पलीकडे घेऊन गेला. रवीने हात हलवून तुम्हालाच खाली बोलावलं. तो ओरडला, "ताई, इथे वारा नाही, आणा डबे." हे सुनीताने ऐकलं, कारण वारा तिच्याकडून खाली जात असला तरी तो फार मोठ्याने ओरडला.  तिला एका उघड्या कातळावर उभं केलंस, इथून हलू नकोस म्हणालीस, आणि सज्जा जिथे संपतो तिथून, खडकांच्या कडेने खाली गेलीस.

नंदूला तू आधी पाठवलंस. एका वेळी एकच, माझ्या पावलांतून, थांबू नकोस. तो सुनीताजवळ पोचेपर्यंत तू रवीला जागचा हलू दिलं नाहीस. त्यानंतर खाली तू आणि रवी दोघेच होता, आणि माझी अडचण इथे होती.

रवीला त्या काही मिनिटांतलं थोडंच आठवतं. तो पुण्याला परत जायच्या आदल्या दिवशी मला भेटला. खाली बघून बोलत होता.

"ताई आल्या, माझ्याजवळ गुडघ्यावर बसल्या. सॅक खाली ठेवली. उघडली."

"उघडली?"

"हो. काहीतरी काढलं त्यातून. मला दिलं."

"काय दिलं?"

"आठवत नाही. खरंच आठवत नाही. खायला दिलं असेल. मी थरथरत होतो. मी त्यांना डबा मागितला होता ना." मग तो म्हणाला, "त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, छान जागा शोधलीस, आता निघू या."

समोरच्या धारेवरच्या माणसाने पाहिलं ते बहुधा हेच. दोन माणसं खाली बसलेली, मध्ये उघडी सॅक. त्याने खोटं सांगितलं नव्हतं.

सुनीताला विचारलं, रवी वर आला तेव्हा त्याच्या हातात काय होतं. ती म्हणाली, ताईंची बर्फाची कुऱ्हाड. रवीकडे स्वतःची नव्हती. आणखी काही? तिने आठवून सांगितलं की त्याच्या हातात जाड लाल हातमोजे होते, त्याचे स्वतःचे राखाडी होते. लाल मोजे आता सुनीताच्या घरी रेडिएटरवर आहेत. मी ते पाहिले. ते तुझे जादाचे मोजे आहेत, आतून लोकर निघालेले. त्यामुळे सॅकमधून एक वस्तू बाहेर आली हे नक्की झालं. एकच आली का, हे नक्की झालं नाही.

रवी कातळावर पोचेपर्यंत तू खाली थांबून होतीस. तो पोचल्यावर तू निघालीस. पाच-सहा पावलं आलीस. सुनीता म्हणते, आवाज मोठा नव्हता, जाड कापड फाटल्यासारखा होता. उतारावर आडवी रेघ उमटली आणि रेघेखालचं सगळं एकदम निघालं. तिघे कातळावर होते. उतारावर तू एकटी होतीस.

सुनीता खाली स्की-केंद्राकडे फोन करायला गेली. नंदू कुऱ्हाडीने बर्फ खणत राहिला. दोघा पुरुषांकडे पथक येईपर्यंत चिक्कीचे तुकडे सोडून काही नव्हतं. पथकाच्या डॉक्टरने सांगितलं की रवीचं अंग धोक्याच्या पातळीपर्यंत गार पडलं होतं, अर्ध्या तासाने जास्त उशीर झाला असता तर त्यालाही स्ट्रेचर लागला असता. थर्मास तुझ्या सॅकमध्ये होता. थर्मासबद्दल मी म्हणत होते ते बरोबर होतं, शुभदा. तुझ्याशी वाद जिंकायची मला सवय नाही, म्हणून इथे नोंदवून ठेवते. ते तिघे आज घरी आहेत, हेही.

सॅक पथकाला तुझ्या आधी सापडली, बर्फाच्या ढिगावर, वरच. कमरेचा पट्टा खुला होता. पथकातल्या माणसाने मला फोनवर समजावलं की तो तुटला नव्हता, बकल हाताने सोडलेलं होतं. धोक्याच्या उतारावर पाऊल टाकण्याआधी पट्टा सोडायचा, म्हणजे बर्फ आला तर सॅक माणसाला खाली खेचत नाही, हे शिकवलं जातं. तू ते इराला शिकवलं होतंस. कार पार्कात, नुसत्या डांबरावर, तिच्याकडून पाच वेळा करून घेतलं होतंस आणि ती वैतागली होती.

पोलिसांनी सॅक प्लास्टिकच्या पिशवीत सील करून ठेवली होती. तुझी ओळख पटवायला ती लागली नाही, म्हणून कुणी उघडली नाही. गेल्या गुरुवारी एक कॉन्स्टेबल ती घरी देऊन गेला. श्रीकांतने ती गॅरेजमध्ये ठेवली आणि मला फोन केला.

"तू ये. मला नाही जमणार. आणि इरा म्हणतेय तिला बघायचंय."

"काय बघायचंय ते तिने सांगितलं?"

"नाही. तू ये."

मी गेले. श्रीकांतने चहा केला आणि तो स्वतः गॅरेजच्या दारातच थांबला. तो तुझ्यापेक्षा दोन वर्षं आधी या देशात आला, त्याने हजारो माणसांना भूल देऊन झोपवलं, आणि त्या पिशवीकडे त्याला बघवत नव्हतं. इराने कात्रीने सील कापलं. सॅक अजून ओली होती. मी तिला रवीने सांगितलेलं सांगितलं, मोज्यांचं सांगितलं, आणि जे नक्की नाही ते नक्की नाही म्हणूनही सांगितलं. तिने मान हलवली.

"मग उघडू?"

"उघड."

तिने एकेक वस्तू वर्तमानपत्रावर ठेवली. नकाशा, पिवळा डाग असलेला. थर्मास, न फुटलेला. फावडं. प्रथमोपचाराची पिशवी. लाल मोजे ठेवायची जाळीची थैली, रिकामी. मग तळातून डबे निघाले. इराने ते एका रांगेत मांडले आणि प्रत्येकाच्या झाकणाभोवती बोट फिरवलं. एकाला पोचा आला होता. टेपवरचं पेन थोडं पसरलं होतं, तरी नावं वाचता येत होती: नंदू, सुनीता, रवी, मी.

चारही टेपा अखंड होत्या.